चावीआधी चहा

आमच्या भिवंडीत फ्लॅट विकला गेला की एजंट गिऱ्हाइकाला घड्याळ देतो. भिंतीवरचं, गोल, सोनेरी काठाचं, आणि त्यावर एजन्सीचं नाव इतकं ठळक की काटे शोधावे लागतात. एजंट जरा हौशी असेल तर स्टीलचा डिनर सेट, आणि बिल्डरच हौशी असेल तर सुक्या मेव्याचा डबा. घेणारा हसतमुखाने घेतो, फोटो काढू देतो, आणि ते घड्याळ पुढे कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकतो. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात एकाच एजन्सीची दोन घड्याळं आली होती, आणि दोन्ही आणणाऱ्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं होतं.

सुगंधाताई भोईरांनी आयुष्यात कुणाला घड्याळ दिलं नाही.

कल्याण रोडवर आमचा दोघींचा मिळून एक गाळा होता. पुढच्या अर्ध्यात त्यांची इस्टेट एजन्सी, मागच्या अर्ध्यात माझं गृहकर्जाच्या फायलींचं काम. ताई घर दाखवायच्या, मी कर्ज मंजूर करून आणायची. मधे प्लायवूडचं पार्टिशन होतं, पण ते छतापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे ताईंचा धंदा मी कितीतरी वर्षं बसल्या जागी ऐकला, आणि माझी फोनवरची भांडणं त्यांनी ऐकली. मी फोन ठेवला की पलीकडून आवाज यायचा, "शबाना, पानी पी."

ताई दापोड्याच्या. अंगाने भरलेल्या, साडी कायम गडद रंगाची आणि सुती, खांद्याला भलीमोठी पर्स. पर्समध्ये टेप, टॉर्च, सेफ्टी पिना आणि खोबऱ्याच्या वड्या. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये, जिथे जिने अजून कच्चे आणि पायाखाली नुसती सिमेंटची धूळ, तिथेही फ्लॅटच्या दारात त्या चपला काढायच्या. त्यांचं बघून गिऱ्हाइकाला काढाव्या लागायच्या, आणि मग बिल्डरच्या माणसालाही. तो बिचारा पायमोज्यांवर धूळ घेऊन उभा. एकदा त्याने कुरकुर केली तर ताई म्हणाल्या, "कुनाचं तरी घर व्हनार हाय ना ह्ये? मंग आत्तापास्नंच हाय."

त्यांच्या तोंडून मी 'लक्झरी' हा शब्द कधी ऐकला नाही. कार्पेट एरिया त्या सांगायच्या, पण नाइलाजाने. त्यांचं खरं माप वेगळं, आणि ते चावी देताना निघायचं. "हितं मांडनी बसल. हितं गनपती बसल. हितं तुमचे वडील बसतील, त्यांना उजेड लागतो पेपरला." वडलांना पेपर लागतो हे त्यांना कसं कळायचं? तर चहामुळे.

ताईंचा एक दंडक होता. व्यवहार पुरा झाला, रजिस्ट्रेशन झालं, तरी गिऱ्हाइकाच्या जुन्या घरी जाऊन चहा घेतल्याशिवाय त्या नव्या घराची चावी हातात ठेवायच्या नाहीत. सुरुवातीला लोकांना संशय यायचा. बाई घरी येऊन काय बघणार? आमची ऐपत? काहीजण घाईघाईने नवे कप आणायचे. ताई मात्र कपाकडे बघायच्याच नाहीत. त्या बघायच्या खिळ्याला काय टांगलंय, चपला कुठे काढतात, कुठली वस्तू मोडली तरी टाकवत नाही म्हणून तारेने बांधलीय, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठल्या जागेवर बसलंय. अर्ध्या तासात चहा संपवून उठायच्या. आठवड्याभराने चावी द्यायच्या, आणि सोबत एक वस्तू. कागदात न गुंडाळलेली, कारण "फाडायला लाजतात लोकं, आनि न फाडता खोटं हसतात." त्यावर एजन्सीचं नावही नाही. नाव घातलं की ती जाहिरात झाली, असं त्यांचं मत.

साऱ्या भिवंडीत एकाच घरी ताईंना चहा मिळत नव्हता. ते त्यांचं स्वतःचं माहेर.

ती गोष्ट मला त्यांनी एकदाच सांगितली, तीही गाडीत, दापोडे मागे पडल्यावर. वडलांची जमीन गोदामवाल्या पार्टीला विकली गेली तेव्हा पार्टी आणली होती ताईंनीच. वडील विकायला तयार होते. आजूबाजूची शेतं आधीच गेली होती, ट्रक बांधावरून फिरत होते. पण थोरल्या भावाला, बाळारामदादाला, घरामागचं एक शेत ठेवायचं होतं. पावसाळ्यात भात आणि थंडीत वाल, एवढंच शेत. पार्टीला सगळं सलग हवं होतं. वडलांनी सांगितलं म्हणून दादाने सही केली, आणि त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं टाकलं. वडील गेले त्या दिवसांतसुद्धा बोलला नाही. भाऊबीज बंद, वर्षाची साडी बंद. आता तिथे निळ्या पत्र्याचं गोदाम आहे. त्या रस्त्याने जाताना ताई बरोबर गोदाम आलं की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायच्या.

"दादा तेवढा एकदा आत ये म्हनला ना, तर मला बाकी काय नको," म्हणाल्या, आणि पुढच्या वळणावर ड्रायव्हरला डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्यांच्या भेटींची एक गंमत सांगते. रामआसरे म्हणून एक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे गृहस्थ होते. सगळी हयात कारखान्याला चिकटून असलेल्या खोलीत गेली, एका भिंतीच्या पलीकडे रात्रंदिवस खडखडणारे लूम आणि अलीकडे संसार. पोरं कमावती झाली, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ताईंनी चहा घेतला, नव्या घरात ऊन फार येतं हे पाहिलं, आणि जाड पडदे दिले. आठवड्याभरात रामआसरेंची बायको गाळ्यात हजर. चेहरा ओढलेला.

"दीदी, घर तो बहुत अच्छा है. पर नींद नहीं आती किसी को."

"गर्मी होती है?"

"नहीं दीदी. आवाज नहीं है ना. इतना सन्नाटा है कि छोटा वाला रोता है."

मी पार्टिशनमागे हसू दाबत होते. पण ज्यांनी भिवंडीत दिवस काढलेत त्यांना हे ठाऊक आहे. लूमशेजारच्या घरांत लाइट जाऊन लूम थांबले की झोपलेली पोरं दचकून उठतात. ताई हसल्या नाहीत. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मी बघत बसले. ऐकलंच न्हाय." मग मला घेऊन जुन्या पंख्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने चांगले चांगले पंखे काढले. ताई एकेक सुरू करायला लावायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. "ह्यो न्हाय. लय मुका हाय." "ह्याचं खडखडनं मधीच थांबतं." दुकानदार म्हणाला, ताई, लोक आवाज नसलेला पंखा मागतात. ताई म्हणाल्या, "मागू दे. तुझ्याकडं सगळ्यात वंगाळ कुठला?" त्याने माळ्यावरून एक लोखंडी टेबलफॅन काढला. तो लावल्यावर दुकानात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. ताईंनी डोळे उघडले, त्यांचा चेहरा फुलला होता. रामआसरेंकडची माणसं त्या रात्रीपासून झोपायला लागली. खालच्या मजल्यावरचे लोक मात्र अजून तक्रार करतात म्हणे.

तशीच पद्मानगरच्या अम्मांची गोष्ट. अम्मा तेलुगू, मराठी मोडकी, हिंदी त्याहून मोडकी, पण चाळीच्या दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांशी बोलायच्या. तांदूळ निवडणं हे निमित्त. मुलाने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा अम्मांना सोफा मिळाला, टीव्ही मिळाला, आणि बोलायला कुणी उरलं नाही. ताईंनी त्यांना एक बुटकं लाकडी बाकडं करून दिलं, घरात नाही, दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवायला. सोसायटीचा सेक्रेटरी नियमावर बोट ठेवून उभा राहिला. पॅसेजमध्ये सामान चालणार नाही. ताई म्हणाल्या, बरोबर हाय तुमचं. आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीच्याच आईला हाताला धरून त्या मजल्यावर घेऊन आल्या. "मावशी, जरा बसा, मी चावी घेऊन येते." चावी आणायला ताईंना चांगलाच वेळ लागला. परत आल्या तेव्हा दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींची भाषा न समजता सुनांबद्दल बोलत होत्या. बाकड्याचा विषय सेक्रेटरीने पुन्हा काढला नाही, त्याच्या आईनेच काढू दिला नाही.

ताईंची ही कीर्ती बिल्डरच्या कानावर गेली. मोठा माणूस, त्याच्या बिल्डिंगी विकून ताईंचं घर चालायचं. त्याने चांगल्या मनाने सांगितलं की ताई, तुम्ही कशाला वणवण करता? कंपनी सगळ्यांना एकसारखा डबा देईल, वरती रिबन, आत बदाम-काजू. ताईंनी तो डबा हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. "छान हाय. पन ह्यो कुनाचा बी असू शकतो." बिल्डरला कळेना हा दोष कसा. ताईंनीही समजावलं नाही. डबा कंपनीतर्फे जायचा, ताईंची वस्तू ताईंतर्फे. पदरमोड करून का होईना, पण त्यांनी चहा सोडला नाही.

अशी ही बाई. दुसऱ्याच्या घरात अर्धा तास बसून त्या घराची दुखरी जागा ओळखणारी. आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत तिचं दर वेळी चुकायचं.

भाचा बारावी झाला तेव्हा लॅपटॉप पाठवला. परत आला. दादाच्या घरचा फ्रिज बिघडल्याचं कुणाकडून कळलं, मोठा दोन दारांचा पाठवला. टेंपो तसाच परत आमच्या गाळ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि तो फ्रिज महिनाभर माझ्या फायलींशेजारी होता. एकदा देवगडच्या आंब्याची पेटी पाठवली, ती दादाने गोदामाच्या वॉचमनला देऊन टाकली. दर वेळी ताई म्हणायच्या, "चुकीचं निवडलं. दुसरं काय तरी बघायला पायजे." आणि पुन्हा विचारात पडायच्या. मलाही तेच वाटायचं, की योग्य वस्तू एकदा सापडली की दादा विरघळेल. मी तर शाल सुचवली होती. शाल! त्या माणसाला!

मग एका दुपारी वहिनी आल्या. दादाची बायको. गाळ्याच्या दारात उभ्या राहून आधी इकडे-तिकडे बघितलं, मग आत आल्या. ताई उठून उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या.

"बस गो," वहिनी म्हणाल्या, जणू गाळा त्यांचाच होता. "मी सांगून जाते. बोलावनं न्हाय, सांगनं हाय."

दापोड्याचं राहतं घरही गेलं होतं, ट्रकच्या रस्त्यात. मुलांनी वडपे रोडकडे नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता. घेतला तो दुसऱ्या एजंटाकडून, दादाने मुद्दाम तसं करायला लावलं. रविवारी वास्तुशांती होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. बहिणीने विचारावं तसं नाही, धंद्यातल्या बाईने विचारावं तसं विचारलं, "वैनी, नव्या घरात काय कमी हाय?"

"काय कमी न्हाय. पोरांनी भरून ठेवलंय. एसी हाय, सोफा हाय. फुलं सुद्दा प्लास्टिकची हायत, पानी घालायला नको."

"आनि दादा?"

"तुला ठावं हाय ना, आपल्या दारात कोनी आला तर ह्यो त्याला हात हालवत जाऊ देत न्हवता. मूठभर वाल द्यायचा, न्हायतर काकडी, न्हायतर तांदूळ. आता पोरं म्हनतात बाबा तुम्ही बसा, आमी बघतो. बसतो. देयाला काय ऱ्हायलंय त्याच्याकडं? कोन मागतो त्याच्याकडं काय?" पदराने तोंड पुसून त्या उठल्या. "येयाचं तर ये. मी सांगितलं असं सांगू नको."

पुढचे दिवस ताईंनी मला सगळी भिवंडी फिरवली. तांब्या-पितळेची दुकानं, कापडाची, लाकडाची. समई हातात घेतली, ठेवली. आरामखुर्चीत बसून पाहिलं, उठल्या. मी वैतागून म्हटलं, ताई, साऱ्या गावाला देता, इथेच का अडता? शनिवारी संध्याकाळी गाळा बंद करताना त्या म्हणाल्या, "उद्या तुझी स्कूटर आन. मी पाठी बसते."

रविवारी त्या आल्या तेव्हा हातात काही नव्हतं. ती भलीमोठी पर्ससुद्धा नव्हती. मी विचारलं, वस्तू कुठाय? "चल मुकाट," म्हणाल्या. आणि स्कूटरवर मागे बसल्या.

दादाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दाराला झेंडूचं तोरण, आत होमाचा धूर, माणसं. कोपऱ्यात आलेल्या वस्तूंचा ढीग, त्यात सोनेरी काठाची घड्याळं मला लांबूनच दिसली. दारात दादा उभा. पांढरा नवा शर्ट, हात कुठे ठेवावेत ते न कळलेला माणूस. बहिणीला बघून त्याचा चेहरा बंद झाला.

ताईंनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. "दादा, मी काय आनलं न्हाय."

"बरं केलंस," दादा म्हणाला.

"मी मागायला आलेय."

मी जिन्याचा कठडा धरला.

"वास्तू झाली तुझी. घरात बहिनीचा मान असतो. माझा ऱ्हायलाय. इतक्या वर्साचा ऱ्हायलाय. मला माझी साडी पायजे."

दादाचा थोरला मुलगा पुढे झाला, "आत्या, अगं मी आणतो, थांब." तेव्हा दादाने हात आडवा घातला. पहिल्यांदाच त्या घरात त्याचा आवाज मोठा झाला असावा, कारण सगळे दचकले. "तू न्हाय. तिनं माझ्याकडं मागितलंय."

आणि तो पायांत चपला सरकवून जिना उतरून गेला. आमच्या शेजारून गेला.

आम्ही थांबलो. वहिनी दाराशी आल्या, आत ये म्हणाल्या. ताईंनी मान हलवली. भटजी घड्याळ बघायला लागले, मुलांना भुका लागल्या, स्वयंपाक्याने दोनदा विचारून घेतलं पानं वाढू का. ताई उंबऱ्याबाहेर अनवाणी उभ्या. मला भीती वाटत होती की तो येणारच नाही. दापोड्याला निघून जाईल, आणि ही बाई अशीच उभी राहील. आपण हिला सोबत आणायलाच नको होतं, असंही वाटून गेलं.

तो आला. घामाघूम, हातात प्लास्टिकची पिशवी. खालच्या बाजारातून आणलेली साडी. आयुष्यात त्याने साडी घेतली नव्हती, आधी वडील घ्यायचे, मग वहिनी, हे मला नंतर कळलं. पिशवीतून काढली तेव्हाच समजलं असतं म्हणा. पोपटी रंग, असा की बघून डोळे बारीक करावेत. त्यावर चकचकीत जर, काठाला गुलाबी फुलं, आणि कापड हातातून सुळकन निसटेल असं. ज्या बाईने पंख्याची खडखड निवडायला दुकानदाराला रडवलं, तिने ही साडी दुकानात बघितलीसुद्धा नसती.

दादाने ती तिच्या पसरलेल्या पदरात ठेवली. वहिनींनी हळदीकुंकू लावून नारळ ठेवला.

"रंग बरा हाय ना?" शेवटी त्याने विचारलं.

"लय चांगला हाय," ताई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

"मंग भाएर काय उभी? आत ये."

मी खाली उतरून स्कूटरपाशी जाऊन थांबले. परक्या घरच्या रडण्यात आपण काय करायचं? या बाईबरोबर इतकी वर्षं मी एका छताखाली बसले, आणि तिचं निवडणं म्हणजे दुकानात जाऊन वस्तू घेणं असंच मी धरून चालले होते. दादाला घ्यायला काही नको होतं. त्याला द्यायचं होतं, आणि ते कुणी मागत नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि ताईंचा इतका अभिमान वाटला की मी एकटीच तिथे डोळे पुसत उभी होते. वॉचमनने विचारलं, मॅडम, क्या हुआ? मी म्हटलं, धुआँ है.

त्यानंतर महिन्याभरात नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्याला आले. माझ्या जागी आता गाळ्यात कुणी दुसरी मुलगी बसते. ताईंशी फोनवर बोलणं होतं, पण फोनवर माणूस दिसत नाही. म्हणून ताई म्हटलं की मला तीच रविवारची दुपार दिसते. मी खाली स्कूटरपाशी असतानाच वरच्या बाल्कनीत दोघं आली. ताईंनी ती साडी तेवढ्यात नेसलीसुद्धा होती. त्या उन्हात ती आणखीच भडक दिसत होती, रस्त्यावरची माणसं वर बघत होती. दादा हात लांब करून तिला काहीतरी दाखवत होता, बहुधा दापोड्याच्या बाजूला, आणि आज काही शोधायला ताईंकडे पर्स नव्हती. तो बोट दाखवेल तिकडे त्या बघत होत्या.

मग त्याला मी खाली दिसले.

"कोन हाय ती?" त्याने बहिणीला विचारलं. तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तो कठड्यावरून वाकून ओरडला, "ओ बाय, उन्हात काय उभी? वर ये जेवायला! मी वाढतो."